दोन इमारतींमधले तीन मीटर : धोरण ठरण्याआधी आरोग्याचा हिशेब कोण मांडतो?

जुना टिपणीकार (धागाकर्ता)

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि त्या पाडापाडीत जी माणसे उठली त्यांच्यासाठी पुरेशी घरे वेळेत बांधली नाहीत. हा त्या कारभाराचा दोष कोणी नाकारू नये. तरीही ट्रस्टचा एक नियम मला आजही विचारात पाडतो. दोन इमारतींमध्ये किती जागा सोडायची, याचे उत्तर ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात दिले होते. समोरच्या इमारतीच्या पायथ्यापासून नव्हे, तर आपल्या तळमजल्यापासून तिच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर त्या रेघेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा असता कामा नये. सोप्या शब्दांत सांगायचे, तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नसावी. खालच्या खोलीतल्या माणसाला आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे, हा या नियमाचा गाभा होता.

आता शंभर वर्षे पुढे या. मुंबईच्या एम-पूर्व विभागात, गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात, प्रकल्पग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतल्या लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड येथे सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरवर आहेत. उंची चोवीस मीटर धरली, तर कोन जवळजवळ त्र्याऐंशी अंशांचा होतो. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने या दोन वसाहती आणि शेजारची पीएमजी कॉलनी यांचा तौलनिक अभ्यास केला. तो २०१८ मध्ये समोर आला. पीएमजी कॉलनीत इमारतींमधले अंतर जास्त आहे. दाटीच्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तिच्यापेक्षा कितीतरी अधिक आढळले.

माझा प्रश्न या अभ्यासाच्या आधीच्या टप्प्याचा आहे. झोपड्यांच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी इमारतींभोवतीच्या मोकळ्या जागांच्या नियमांत सवलत द्यायची, असे जेव्हा ठरले, तेव्हा ती नस्ती, म्हणजे फाइल, कोणाकोणाच्या टेबलावरून गेली असेल? राज्य शासनाच्या एका विभागात मी तीन दशके काढली. मंत्रिमंडळासमोर जाणाऱ्या टिपणीला वित्त विभागाचे अभिप्राय लागतात, कायद्याचा मुद्दा असेल तर विधी व न्याय विभागाचे लागतात, आणि ते अभिप्राय नसतील तर टिपणी परत येते. मी ज्या टिपण्या लिहिल्या, त्यांपैकी एकीवरही ‘या निर्णयाचा लोकांच्या प्रकृतीवर काय परिणाम होईल’ हे कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःहून लिहिले नाही. विषय आरोग्याचा नसला, की आरोग्य विभागाला नस्ती दाखवायची नाही, ही आमच्याकडची सरळ समजूत होती.

जगात या कामाला आरोग्य परिणाम मूल्यमापन असे नाव आहे. १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय केंद्राने गोथेनबर्ग येथे त्याची जी व्याख्या ठरवली, तिच्यात दोन गोष्टी होत्या. एखादे धोरण, कार्यक्रम किंवा प्रकल्प यांचा लोकसंख्येच्या आरोग्यावर कोणता परिणाम संभवतो, हे तपासायचे; आणि तो परिणाम लोकसंख्येत कसा वाटला जातो, म्हणजे कोणाच्या वाट्याला किती येतो, हेही तपासायचे. मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण सरासरीत सगळेच लपते. हे मूल्यमापन निर्णयाआधी करायचे असते. निर्णयानंतर केले, तर त्याला शवविच्छेदन म्हणावे लागेल.

आपल्याकडे हे कसे आणता येईल, आणि आणावे का, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

---

ओपीडी क्रमांक सहा

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात छातीच्या विकारांचे रुग्ण तपासतो. मूळ लेखातल्या अभ्यासाबद्दल आधी एक सावधगिरी नोंदवतो आणि मग त्याच्या बाजूने बोलतो.

तो अभ्यास एका वेळेचे चित्र दाखवणारा आहे. माणूस या वसाहतीत येण्याआधीच क्षयाचा जंतू घेऊन आला होता, की इथे आल्यावर त्याला संसर्ग झाला, हे अशा अभ्यासातून खात्रीने ठरत नाही. कुटुंबातली माणसे किती, खोली केवढी, पोषण कसे, दारू-तंबाखू किती, हे सगळे घटक एकमेकांत गुंतलेले असतात. मात्र तिन्ही वसाहतींत आलेली कुटुंबे साधारण एकाच प्रकारच्या विस्थापनातून आलेली आहेत आणि तिथे ठळकपणे वेगळी आहे ती इमारतींची रचना, म्हणून ही तुलना मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही.

यामागची कारणपरंपरा तर वैद्यकात नवीन नाही. क्षयरोगी खोकतो तेव्हा उडालेल्या थेंबांतले पाणी आटून सूक्ष्म कण उरतात आणि ते कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल, तर ते विरळ होत जातात आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जंतूंना मारतात. म्हणजे खिडकी हा संसर्ग रोखण्याचा फुकटचा उपाय आहे, पण ती उघडल्यावर समोर तीन मीटरवर दुसऱ्याचे स्वयंपाकघर दिसत असेल, तर लोक ती उघडत नाहीत. गृहिणींना खासगीपणा हवा असतो, पडदा ओढला जातो आणि नकाशावरची खिडकी भिंतीसारखी होते. हे मी रुग्णांकडून ऐकलेले आहे. नकाशा मंजूर करणाऱ्याने ते ऐकले असण्याचे काही कारण नाही.

एक विसंगती सांगतो. ज्या २०१८ साली तो अभ्यास समोर आला, त्याच वर्षी एप्रिलपासून केंद्र सरकारने क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये द्यायला सुरुवात केली. पुढे ती रक्कम हजार रुपये झाली. योजना चांगली आहे, तिचा उपयोगही होतो. पण सहा महिने औषध घेऊन बरा झालेला माणूस त्याच खोलीत परत जातो आणि पुढच्या वर्षी त्याची बहीण माझ्यासमोर बसलेली असते. एका खात्याचा नियम रुग्ण तयार करतो आणि दुसरे खाते त्यांना पोषण-भत्ता देते, असा हा व्यवहार आहे.

---

हिशेबी

दोन्ही प्रतिसाद आवडले. तरीही मी विरोधी बाजू मांडणार आहे, कारण ती मांडली नाही तर हा धागा एकमेकांना मान डोलावण्यातच संपेल.

पहिला मुद्दा पर्यायाचा आहे. इमारतींमधले अंतर तीन मीटरऐवजी बारा मीटर केले, तर त्या भूखंडावर घरे कमी बसतील. जी कुटुंबे त्यामुळे मावली नसती, ती कुठे राहिली असती? रेल्वेच्या रुळांलगत, नाल्याच्या काठावर किंवा जलवाहिनीवर. तिथे संडास नाही, नळ नाही, पावसाळ्यात घरात पाणी. अंधाऱ्या खोलीची तुलना आदर्श घराशी करून चालणार नाही; ती या कुटुंबांना खरोखर उपलब्ध असलेल्या पर्यायाशी करावी लागेल. घरातच संडास असणे हा बाईमाणसाच्या आरोग्याच्या दृष्टीने केवढा मोठा फरक आहे, तो या अभ्यासाच्या कोणत्या रकान्यात मांडला आहे?

दुसरा मुद्दा अनुभवाचा आहे. आपल्याकडे पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची अधिसूचना १९९४ पासून आहे, तिची आजची चौकट २००६ ची आहे. तिने काय साधले? अहवाल तयार करणारा सल्लागार ज्याचा प्रकल्प त्याच्याच पैशावर काम करतो, एका अहवालातले परिच्छेद दुसऱ्या अहवालात जसेच्या तसे सापडतात, आणि जनसुनावणी हा एका दिवसाचा बंदोबस्त होऊन बसतो. यात आणखी एका कागदाची भर घातली, तर दाखला देणारे आणखी एक टेबल तयार होईल, आणि त्या टेबलाचा दर किती असेल हे सांगायला जाणकारांची गरज नाही.

तिसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ‘निर्णयाआधी मूल्यमापन करा’ ही मागणी नेहमी लोकांच्या हिताचीच असते, असे समजू नका. युरोपीय संघात कायद्यांच्या परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे व्हावे म्हणून नव्वदच्या दशकात पडद्यामागून जोर लावणाऱ्यांत ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही सिगारेट कंपनी होती. कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून २०१० साली संशोधकांनी ते दाखवून दिले. उद्योगावर पडणारा भार रुपयांत मोजता येतो आणि फुप्फुसावर पडणारा भार सहज मोजता येत नाही, म्हणून असे मूल्यमापन आपल्या बाजूने झुकेल, असा तिचा कयास होता.

---

खडक आणि पाणी

हिशेबी यांच्या पहिल्या मुद्द्याला माझ्या, म्हणजे भूजलाच्या, क्षेत्रातले उदाहरण देतो. ते त्यांच्या बाजूनेही जाते आणि विरोधातही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात विंधन विहिरींचे (बोअरवेलचे) युग आणले. आमची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही त्याच सालची. कठीण खडक फोडणारी यंत्रे आली, गावोगाव हातपंप बसले. ज्या इंडिया मार्क-२ हातपंपाने पुढे जगभर नाव कमावले, त्याची घडणही सोलापूरच्या पंपावरून झालेली आहे. या धोरणाचा आरोग्यावर फार मोठा चांगला परिणाम झाला. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाण्यात उतरत, त्यातून नारू हा जंताचा रोग पसरत असे. हातपंपामुळे आणि नारू निर्मूलनाच्या कार्यक्रमामुळे देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. ज्यांनी पायातून दोऱ्यासारखा नारू काडीवर गुंडाळून काढताना पाहिला आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. उघड्या विहिरीचे पाणी उथळ थरातले असते. विंधन विहीर खोल खडकातले पाणी वर आणते आणि काही प्रकारच्या खडकांत फ्लोराइड असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत हातपंपाचे ‘शुद्ध’ पाणी पिऊन मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले आणि मोठ्या माणसांचे सांधे आखडले. पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त असू नये, अशी आपली मर्यादा आहे. ही गोष्ट तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती, असेही म्हणता येत नाही. मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडने हाडे जडावल्याचे वर्णन १९३७ सालीच प्रसिद्ध झाले होते. पण जंतू नाहीत ना, एवढे पाहिले की पाणी चांगले, असा ग्रह होता.

बंगालमध्ये हेच अर्सेनिकच्या बाबतीत घडले. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली त्वचेवर डाग असलेले रुग्ण कोलकात्यात तपासले गेले आणि त्यांचा संबंध नलिका विहिरींशी जोडला गेला. बांगलादेशात सत्तरच्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने अशाच विहिरींची मोहीम चालली होती आणि तिचा हेतू मुलांना जुलाबापासून वाचवण्याचा होता. तिथे अर्सेनिकची खातरजमा १९९३ मध्ये झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००० साली या प्रकाराचे वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे केले गेले.

म्हणून हिशेबी यांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. हातपंप नकोत, असे कोणतेही शहाणे मूल्यमापन म्हणाले नसते. ‘हातपंप बसवा, पण प्रत्येक विहिरीचे पाणी आधी फ्लोराइडसाठी तपासा आणि जिथे ते जास्त निघेल तिथे उथळ विहिरीचे शुद्धीकरण करा’, एवढेच ते म्हणाले असते. त्या ओळीचा खर्च विहीर खोदण्याच्या खर्चापुढे काहीच नव्हता. धोरणाला होय किंवा नाही म्हणणे हे या मूल्यमापनाचे काम नाही. धोरणात ती एक ओळ वाढवणे हे त्याचे काम आहे.

---

मॉन्ट्रियलकर

मी गेली काही वर्षे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात राहतो, म्हणून इथल्या व्यवस्थेबद्दल लिहितो. मूळ लेखातल्या टिपणीच्या प्रश्नाला ती सर्वांत जवळची आहे.

क्वेबेकच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचे कलम ५४ जून २००२ पासून लागू आहे. त्यानुसार आरोग्यमंत्री हा सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत संपूर्ण सरकारचा सल्लागार ठरतो आणि ज्या कायद्याचा किंवा नियमाचा लोकांच्या आरोग्यावर लक्षणीय परिणाम होऊ शकतो, त्याचा मसुदा तयार करताना संबंधित खात्याने आरोग्यमंत्र्याचा सल्ला घेणे बंधनकारक आहे. वाहतूक, घरबांधणी, शेती, कर, कोणतेही खाते याला अपवाद नाही. आरोग्यमंत्र्याला शास्त्रीय पाठबळ मिळावे म्हणून १९९८ साली स्थापन झालेली प्रांताची सार्वजनिक आरोग्य संस्था अभ्यास करून देते.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सल्ला मसुदा जवळजवळ पक्का झाल्यावर मागितला जातो, अशी इथली जुनी तक्रार आहे. तेव्हा शब्द बदलता येतात, दिशा बदलत नाही. शिवाय मंत्रिमंडळाची कागदपत्रे गोपनीय असल्यामुळे आरोग्य खात्याने काय सांगितले आणि इतरांनी त्यातले किती ऐकले, हे नागरिकाला सहसा कळत नाही. आणि कोणत्या खात्याचा परिणाम ‘लक्षणीय’ आहे, हे पहिल्यांदा ठरवणार तेच खाते. चोरानेच आपल्या घराची झडती घ्यावी, असे मी म्हणणार नाही. पण मुलानेच आपली प्रश्नपत्रिका काढावी, असे नक्कीच आहे.

तरीही वीस वर्षांत एक सवय लागली, हे मान्य करावे लागते. इतर खात्यांतल्या अधिकाऱ्यांना आरोग्य खात्यात कोणाला फोन करायचा, हे माहीत झाले. कायद्याने आणलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट असावी, असे इथल्या सरकारी सेवेतल्या माझ्या एका शेजाऱ्याचे मत आहे.

---

इरईकाठ

मी चंद्रपूरचा. आमच्या जिल्ह्यावर एक धोरण दोनदा घडले, म्हणून लिहितो.

१ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्यामागे बायांचे मोर्चे आणि अनेक वर्षांची चळवळ होती. शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासूनच बंदी आहे. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. निर्णय जाहीर करताना अवैध दारू, गुन्ह्यांत ओढली गेलेली मुले-बाया आणि बुडालेला महसूल यांची चर्चा झाली. मी बंदीच्या बाजूचा की विरोधातला, हे इथे महत्त्वाचे नाही. घरात दोन्ही मतांचे लोक आहेत आणि जेवताना हा विषय आम्ही टाळतो.

मला खटकते ते वेगळेच. बंदी लागू होण्याच्या आदल्या वर्षी सरकारी दवाखान्यांत यकृताच्या आजाराचे किती रुग्ण होते, मारहाणीच्या किती जखमा आल्या, अपघात किती, विषारी दारूचे बळी किती, या सगळ्याची नोंद बंदीच्या हेतूने एका जागी ठेवली असती, तर सहा वर्षांनी वाद घालायला काहीतरी आधार मिळाला असता. तसे झाले नाही, म्हणून २०२१ मध्ये एका बाजूकडे गुन्ह्यांचे आकडे होते आणि दुसरीकडे बायांचे अनुभव. पोलीस ठाण्यात रोज नोंद होते, घरातल्या शांततेची कुठेच होत नाही. मोजलेली गोष्ट न मोजलेल्या गोष्टीवर मात करते, हा हिशेबी यांनी सिगारेट कंपनीबद्दल सांगितलेला मुद्दा आमच्याकडे असा लागू पडतो.

जानेवारी २०२२ मधला वाइनचा निर्णयही आठवावा. शंभर चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कप्प्यात वाइन विकू द्यायची, असे मंत्रिमंडळाने ठरवले आणि द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांचे हित हे कारण दिले. बंदी असलेले जिल्हे त्यातून वगळले होते. विरोध झाल्यावर लोकांच्या हरकती मागवण्यात आल्या. म्हणजे आधी निर्णय आणि मग विचारणा. हरकती आधी मागवल्या असत्या आणि ‘देशी दारू पिणारा वाइनकडे वळेल, की न पिणारा नव्याने सुरू करेल’ हा एकच प्रश्न कोणी अभ्यासून मांडला असता, तर निर्णय कोणताही होवो, वाद तरी शहाणपणाचा झाला असता.

---

हिशेबी

खडक आणि पाणी यांचे ‘एक ओळ वाढवणे’ मला पटले; माझा पहिला मुद्दा त्या प्रमाणात मी मागे घेतो. दुसरा मात्र घेत नाही. ती ओळ लिहिणारा कोण? पाण्याच्या बाबतीत ती भूशास्त्रज्ञ लिहील. इमारतींच्या बाबतीत आरोग्य विभागातला कोण अधिकारी नगरविकासाच्या नियमावलीचा मसुदा वाचून त्यात कोन मोजणार आहे? आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग हेच मुळात दोन वेगळे आहेत, आणि जिल्हा आरोग्य अधिकारी लसीकरण, साथी आणि पदभरती यांतून मान वर काढू शकत नाही.

---

कलम चार

मी वकिली करतो. नवा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर असलेल्या तरतुदींतून काय मागता येते, एवढेच सांगतो.

पहिली तरतूद माहिती अधिकार कायद्याची. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४(१)(ग) प्रमाणे, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा तसे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्यासाठी कोणी अर्ज करावा लागत नाही. या कायद्याचा अर्ज सगळे करतात, पण हे कलम कोणी फारसे वापरत नाही.

दुसरी, केंद्र सरकारचे फेब्रुवारी २०१४ चे विधिपूर्व विचारविनिमय धोरण. त्यानुसार केंद्रीय खात्याने कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो आणि त्यासोबत पर्यावरण, मूलभूत हक्क, बाधित लोकांचे जीवन व उपजीविका यांवरील परिणामांचा अंदाज द्यायचा असतो. आरोग्य हा शब्द त्यात वेगळा नाही, पण ‘जीवन’ या शब्दात आरोग्य बसत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. हे धोरण आहे, कायदा नाही. ते न पाळल्याने कायदा रद्द होत नाही, हेही सांगायला हवे.

तिसरी आपल्या राज्याची. विकास नियंत्रण नियमावलीत बदल करायचा झाल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. मुंबईत कित्येक बदल असे येतात. आलेल्या हरकती बहुतेक वेळा जमीनमालकांच्या, विकासकांच्या आणि सोसायट्यांच्या असतात. श्वसनविकारांच्या डॉक्टरांची हरकत मी आजवर एकही पाहिलेली नाही.

थायलंडचे उदाहरण इथे उद्बोधक आहे. तिथल्या २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने सार्वजनिक धोरणाच्या आरोग्य परिणामांचे मूल्यमापन मागण्याचा अधिकार थेट नागरिकाला दिला. त्याच वर्षीच्या राज्यघटनेच्या कलम ६७ मध्ये घातक प्रकल्पांसाठी असे मूल्यमापन आवश्यक ठरवले होते. ते न करताच प्रकल्प पुढे रेटल्यामुळे सप्टेंबर २००९ मध्ये न्यायालयाने मॅप ता फुट या औद्योगिक पट्ट्यातले ७६ प्रकल्प थांबवले. वरिष्ठ न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्यांतले ११ मोकळे केले आणि ६५ रोखून धरले. अब्जावधींची गुंतवणूक अडकली. हिशेबी यांना वाटणारी विलंबाची भीती खोटी नाही. पण तिथला विलंब मूल्यमापन केल्याने झाला नव्हता, ते टाळल्याने झाला होता.

---

जुना टिपणीकार

सर्वांचे आभार. हिशेबी यांच्या ‘ती ओळ लिहिणारा कोण’ या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करत होतो.

या कामाच्या पद्धतीत पहिली पायरी चाळणीची असते. शेकडो निर्णयांपैकी कोणत्यांना मूल्यमापन लागेल, हे एका पानाच्या प्रश्नावलीने ठरवायचे. बदल्यांच्या नियमांना ते लागणार नाही. बांधकामाच्या नियमांना, दारूच्या परवान्यांना, पाणी योजनांना, माणसांच्या स्थलांतराला लागेल. पुढची पायरी व्याप्ती ठरवण्याची, म्हणजे काय तपासायचे आणि काय सोडायचे. त्यानंतर प्रत्यक्ष मूल्यमापन, शिफारशी आणि पाठपुरावा. आपल्याकडे यातली पहिली पायरी जरी बसली, तरी आरोग्य विभागाकडे वर्षाला मोजक्याच नस्त्या जातील आणि एक लहान कक्ष त्या हाताळू शकेल. त्या कक्षात सगळे डॉक्टर नकोत. एक नगररचनाकार, एक संख्याशास्त्रज्ञ आणि एक असा कारकून हवा, ज्याला नस्ती कुठे अडते हे कळते. शेवटचा माणूस मिळणे सर्वांत सोपे आहे, आम्ही निवृत्त झालेले बरेच आहोत.

क्वेबेकमधल्या दोषावर एक देशी उपाय सुचतो. वित्त विभागाचे अभिप्राय टिपणीला जोडलेले असतात आणि ते डावलायचे असतील तर कारण लिहावे लागते. आरोग्याचे अभिप्रायही तसेच जोडावेत आणि निर्णय झाल्यावर शासन निर्णयासोबत संकेतस्थळावर टाकावेत. अभिप्राय डावलण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला राहू द्या. लोकांनी निवडून दिलेल्यांनीच निर्णय घ्यावा. डावलले हे फक्त दिसले पाहिजे.

कलम चार यांनी सांगितलेला कलम ३७ चा मार्ग मला आजच चालू करण्यासारखा वाटतो. मोकळ्या जागांबाबत पुढची सूचना निघेल तेव्हा आपण हरकत दाखल करू. मसुदा मी लिहितो. ओपीडी यांनी खेळत्या हवेचा भाग लिहावा, अशी विनंती आहे.

---

ओपीडी क्रमांक सहा

लिहितो. मात्र त्यात रुग्णांच्या नावांचा किंवा पत्त्यांचा कोणताही तपशील येणार नाही. मजला, खिडकीचे माप, समोरच्या भिंतीचे अंतर आणि खोलीत झोपणारी माणसे, एवढ्या चार गोष्टी मी जानेवारीपासून माझ्या वहीत टिपतो आहे. त्यातून शास्त्रीय निष्कर्ष निघणार नाही. पण नियम करणाऱ्याने कोणते प्रश्न विचारायला हवेत, हे त्यातून दिसते.

---

हिशेबी

हरकतीला ‘घरे कमी होतील’ हेच उत्तर येईल, तेव्हा ते आधीच मोजून ठेवू. तेवढेच चटईक्षेत्र ठेवून इमारती वेगळ्या पद्धतीने मांडल्या, दोन पट्ट्यांऐवजी एक उंच पट्टा केला किंवा आतला बोळ काढून अंगण केले, तर प्रत्यक्षात किती घरे कमी होतात, हे मला करून पाहायचे आहे. माझा अंदाज आहे की तो आकडा लोक समजतात त्यापेक्षा लहान निघेल, पण उंची वाढली की उद्वाहनाचा (लिफ्टचा) आणि देखभालीचा खर्च वाढतो आणि तो गरीब कुटुंबावर येतो, तोही मी मांडणार आहे. कोणाकडे एखाद्या पुनर्वसन वसाहतीचा मंजूर नकाशा आहे का?

---

जुना टिपणीकार

आहे. माहिती अधिकारात मिळवलेला आहे, म्हणून तो इथे देण्यात अडचण नाही, रविवारपर्यंत चढवतो. नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो, तो आधी पाहा. या वसाहतीतल्या लांब इमारती कोणत्या दिशेला तोंड करून उभ्या केल्या आहेत, ते पाहिल्यावर तुमचा अर्धा हिशेब तिथेच बदलेल.